भिंतीवरच्या सोळा विती

नाव वाळूत बसून बत्तीस तास झाले होते आणि मास्तरांच्या घरात अजून कुणी कुणाला सरळ प्रश्न विचारला नव्हता. बोलणं मात्र भरपूर झालं होतं. काल पहाटेपासून गॅसवरून चहाचं आधण उतरलं नव्हतं, आणि दर कपागणिक बोटीचं खापर एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जात होतं. कधी दोष वाऱ्याचा, कधी इंजिनाचा, कधी मालकाच्या घाईचा. ज्याच्या हातात सुकाणू होतं तो तांडेल, म्हणजे घरचा एकुलता एक जावई, मागच्या दाराच्या पायरीवर बसून समुद्राकडे बघत होता. त्याला आत या असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि तोही आला नव्हता.

संध्याकाळी पाचला बंदर समितीची बैठक होती. त्याचा परवाना राहणार की जाणार, हे तिथे ठरणार होतं.

"सहा महिने," मधला म्हणाला. मधला भाऊ बंदर कचेरीत कारकून. आज अर्धी रजा टाकून आला होता, पण घड्याळाकडे असा बघत होता, जणू ते साहेबांच्याच मनगटावर आहे. "मी सांगतो ते ऐका. डोळा लागला होता म्हणून कबूल करायचं. थकवा. थकव्याला सहा महिने निलंबन. वर्षभरानं कुणाच्या लक्षातही राहत नाही."

"आणि कबूल नाही केलं तर?" धाकटीनं विचारलं. ती या दोघांची बहीण, तांडेलाची बायको. बर्फाच्या कारखान्यातून तशीच आली होती, पायातले गमबूट काढायचं तिला सुचलं नव्हतं.

"तर मग ते दुसरं विचारतील."

दुसरं काय, ते सगळ्यांना माहीत होतं. तांडेलानं दारू सोडून चार वर्षं झाली होती. पण गावाची आठवण चांगल्या बाबतीत दोन महिन्यांची आणि वाईट बाबतीत दोन पिढ्यांची असते.

मास्तर टेबलाच्या डोक्याशी बसले होते. थोरले म्हणून, आणि शाळेत तीस वर्षं टेबलाच्या डोक्याशी बसायची सवय म्हणून. त्यांच्या समोर त्यांनीच लिहिलेल्या पुस्तिकेच्या शंभर प्रतींचा गठ्ठा होता: गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास. येत्या रविवारी समारंभ होता. मास्तरांना मेव्हण्याची काळजी होती, नाही असं नाही. पण त्या काळजीच्या खाली आणखी एक काळजी होती, आणि तिची त्यांना लाज वाटत होती. रविवारी ते व्यासपीठावर उभे राहणार, आणि समोरची माणसं आपसात म्हणणार, हे बघा, यांच्याच घरच्या जावयानं अकरा माणसांसकट बोट वाळूत घातली.

"मला एक कळत नाही," मास्तर म्हणाले. "वीस वर्षं ज्या वाटेनं माणूस येतो ती वाट त्याला सापडत नाही म्हणजे काय? आणि वाट अशी काय अवघड आहे? टेकडीवरचा घड्याळाचा मनोरा आणि आपल्या मागच्या भिंतीवरचा पांढरा पट्टा. पट्टा मनोऱ्याच्या बरोब्बर खाली दिसला की नाव खोल पाण्यात. शेंबड्या पोरालाही कळतं."

"तेच ते म्हणतायत," धाकटी म्हणाली. "पट्टा मनोऱ्याखाली होता."

"मग नाव वाळूत कशी?"

खिडकीजवळच्या आरामखुर्चीत अण्णा बसले होते, या तिघांचे वडील. चाळीस वर्षं ते या बंदराचे वाटाडे होते. परक्या बोटींवर चढायचं आणि पाण्याखालचा वाळूचा दांडा चुकवून त्यांना धक्क्यापर्यंत आणायचं, हे त्यांचं काम. आता त्यांना स्वतःच्या खोलीपर्यंत आणावं लागत होतं. गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यात दिवस आणि माणसं एकमेकांत मिसळून गेली होती.

"भरती केव्हा?" अण्णांनी विचारलं. काल पहाटेपासून ते एवढंच विचारत होते.

"दुपारी ओहोटी आहे, अण्णा," वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणाल्या, आणि त्यांच्या कपातला चहा बशीत ओतून दिला.

धाकटी उठून मागच्या दाराशी गेली. नवऱ्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. काल त्याला धक्क्यावर उतरवलं तेव्हा, सगळ्या गर्दीदेखत, तिनं सगळ्यात आधी त्याच्याजवळ जाऊन वास घेतला होता. नंतर विचारलं होतं, "घेतली होती का?" वास डिझेलचा आणि मासळीचा होता. पण त्याचं उत्तर यायच्या आत ती वळून ज्या खलाशाचा हात मोडला होता त्याच्याकडे गेली होती. तेव्हापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. खरं काय, ते तिला कळत नव्हतं. पट्टा मनोऱ्याखाली असेल तर नाव वाळूला लागत नाही. नाव तर लागली. मग एक तर भिंत खोटं बोलते, नाहीतर नवरा. आणि भिंत कशी खोटं बोलेल?

"मधला दादा म्हणतोय, डोळा लागला म्हणून सांगा," ती त्याच्या पाठीला म्हणाली.

"मधले दादा नव्हते बोटीवर."

"सहा महिन्यांनी परवाना परत मिळेल."

"परवाना मिळेल." तो अजूनही समुद्राकडेच बघत होता. "माझ्या सुकाणूशी डोळा लागतो, हे एकदा कागदावर आलं की कोण येईल माझ्या बोटीवर? तू तुझ्या भावाला पाठवशील?"

ती उंबऱ्यावरचा पाय मागे घेऊन आत वळली.

वहिनींनी हे दारामागून ऐकलं. कपबशा विसळता विसळता ऐकू येतं, त्याला कुणाचा इलाज नाही. वहिनींचा या घरातला मान मोठा होता, पण मत विचारायची पद्धत नव्हती. सव्वीस वर्षांत त्यांनी तीन भावंडांची भांडणं इतकी ऐकली होती की कोण कोणत्या वाक्याला उठून जाणार हे त्या आधी सांगू शकल्या असत्या. आज मात्र त्या एकच बशी तिसऱ्यांदा विसळत होत्या. एक गोष्ट त्यांना माहीत होती. ती महत्त्वाची आहे की म्हाताऱ्या माणसाचा चाळा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

त्या हात पुसत आत आल्या.

"अहो, पट्टा तुम्ही गेल्या आठवड्यात रंगवलात ना?"

"मग? दरवर्षी रंगवायचा असतो. अण्णांच्यानं यंदा होणार नव्हतं."

"नाही, रंगवलात ते बरंच केलंत. पण तो हलवलात."

मास्तरांनी चष्मा काढला. वर्गात हे झालं की पोरं गप्प होत असत.

"हलवला नाही. जागेवर आणला. अण्णांची नजर गेली होती, त्यामुळे पट्टा कुठल्या कुठे स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत गेला होता. मी जुना फोटो काढला, पुस्तिकेत छापलाय तोच. त्यात पट्टा भिंतीच्या मधोमध आहे. कचेरीच्या कागदातही मधोमध आहे, विचार याला. ओळंबा लावून, टेपनं मोजून, सुतासारखा सरळ काढला. दीडशेव्या वर्षी तरी गावाची खूण आपल्या जागी असावी."

"अण्णांची नजर गेली नव्हती," वहिनी म्हणाल्या. "शिडी मी धरत होते. दरवर्षी ते आधी हाताची वीत लावायचे, एकच. तेवढा चुना स्वयंपाकघराकडे वाढवायचा, तेवढाच भाग पलीकडून राखाडी करायचा. मी एकदा विचारलं, कशाला? म्हणाले, वाळू सरकते, सूनबाई, भिंतीला पाय नाहीत. आणि म्हणाले, घरात बोलू नकोस, उगाच कचेरीत वाद होईल. मी नाही बोलले."

मास्तरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त गोंधळ होता. फळ्यावरचं गणित बरोबर मांडलेलं असावं आणि उत्तर चुकावं, तसे ते बघत होते.

"किती वर्षं?"

"मोजली नाहीत. पण खिळे आहेत."

"खिळे?"

"भिंतीला. दरवर्षी चुना जिथे संपला तिथे अण्णा एक तांब्याचा खिळा मारायचे. होडीचे असतात ते."

मास्तरांना ते खिळे आठवले. रंगवताना एकेका खिळ्याला ब्रश अडत होता, आणि ते बायकोवर मनातल्या मनात वैतागले होते, की पोतेरी वाळत घालायला भिंतभर खिळे कशाला हवेत. सगळे खिळे त्यांनी राखाडी रंगाखाली नीट झाकले होते. दोन हात दिले होते.

मास्तर उठले आणि तांडेलाच्या अंगावरूनच मागच्या दारातून बाहेर गेले. त्यांच्या मागोमाग सगळे गेले. अण्णांनाही वहिनींनी हाताला धरून नेलं, कारण त्यांना आत एकटं ठेवता येत नव्हतं.

भिंत समुद्राकडे तोंड करून उभी होती. मधोमध मास्तरांचा पट्टा, पुरुषभर रुंद, झगझगीत पांढरा. वर, टेकडीवर, घड्याळाचा मनोरा. मास्तरांनी आपल्या पट्ट्याचा डावा काठ धरला आणि तिथून डावीकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला, तळहात फिरवत निघाले. पहिला उंचवटा बोटाला लागला. वीत लावली. दुसरा. पुन्हा वीत. त्यांची वीत अण्णांच्या वितीएवढीच भरत होती, हे त्यांना त्या क्षणी उगाचच जाणवलं. सोळावा खिळा स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीजवळ होता.

"सोळा," मास्तर म्हणाले. ते हळू बोलले. "सोळा विती पट्टा मी एका दिवसात मागे नेला."

तांडेल उभा राहिला होता. "मी पंधरा दिवस बाहेर होतो. पट्टा बदलला हे मला कुठून कळणार? इथली एक वीत म्हणजे तिथे बंदराच्या मुखाशी सहा विती. सोळा सक शहाण्णव. शहाण्णव विती म्हणजे..." तो थांबला. त्याला हिशोब येत होता, पण राग येत होता की हसू येत होतं हे कळत नव्हतं. "म्हणजे मी खोल पाण्याच्या बरोब्बर मधून आलो, दादा. सोळा वर्षांपूर्वीच्या."

"पण छोट्या होड्या आठवडाभर येतायत की," मधला म्हणाला.

"छोट्या होडीला पाणी लागतं किती? गुडघाभर. माझी बोट मासळीनं भरलेली, आणि ओहोटी."

धाकटी नवऱ्याकडे बघत होती. तिला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. उलट कालचा तो धक्का, ती गर्दी, आपण नाक पुढे केलं ते, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं आणि तिला रडू फुटलं. ती भिंतीकडे तोंड करून रडली.

मधल्यानं घसा साफ केला. "हे समितीपुढे सांगता येणार नाही."

"का?"

"का म्हणजे? सरकारी खूण अण्णांनी सोळा वर्षं परवानगीशिवाय हलवली. हे सांगितलं की गुन्हा अण्णांचा. आणि दादा, तूही विचारल्याशिवाय रंगवलास. तांडेल सुटेल, पण घरातली दोन माणसं अडकतील. त्यापेक्षा सहा महिने..."

"अण्णांनी परवानगी मागितली नव्हती?" वहिनींनी विचारलं. त्यांनी सहजच विचारलं होतं.

मधला चपलेच्या टोकानं वाळू उकरू लागला.

"भावोजी?"

"मागितली होती," तो म्हणाला. "मी नवीनच लागलो होतो. अण्णांनी अर्ज माझ्याच हातात दिला. वाळू सरकते आहे, पाहणी करावी, पट्टा हलवावा. साहेब म्हणाले, पाहणीचं पथक येईल, तोवर फायलीत ठेव. मी ठेवला. पथक आलं नाही. दोन महिन्यांनी अण्णांनी विचारलं, मी म्हटलं, चालू आहे. नंतर त्यांनी विचारायचं सोडलं. मला वाटलं, विसरले."

"काल आठवलं तुला?" मास्तरांनी विचारलं.

"कालच आठवलं."

"आणि तू आम्हाला थकवा कबूल करा म्हणून सांगतोयस," धाकटी म्हणाली. तिचं रडं थांबलं होतं. "माझ्या नवऱ्यानं झोपाळू ठरायचं, म्हणजे तुझी फाईल झोपलेली कुणाला दिसायला नको."

मधल्यानं मान खाली घातली. त्याच्या मनात काही पाप नव्हतं. त्याला फक्त भीती वाटत होती, आणि भित्र्या माणसाला सगळ्यात सोपी वाट दुसऱ्याच्या अंगावरूनच दिसते.

"भरती केव्हा?" अण्णांनी विचारलं.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. अण्णा भिंतीकडे बघत होते, पण ओळखून बघत नव्हते. रस्त्यावरून जाताना परक्याच्या घराकडे बघावं तसे. या माणसाला त्यांनी गेल्या वर्षी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, अण्णा, आता ब्रश सोडा, रेघ वाकडी येते. अण्णा तेव्हा काही बोलले नव्हते. आता बोलायचं म्हटलं तरी त्यांच्याकडे बोलणं उरलं नव्हतं.

"कचेरीत जा," मास्तर मधल्याला म्हणाले. "तो अर्ज काढ. आणि अध्यक्षांना सांग, बैठक इथे घ्या. पुरावा उचलून नेता येत नाही म्हणावं, भिंत आहे."

"दादा, रविवारचा समारंभ..."

"समारंभात मी गावाचा इतिहास सांगणार होतो. तो मी रंगाखाली झाकून ठेवलाय. जा तू."

मधला दोन पावलं गेला, थांबला, मागे वळला, आणि मग खरोखरच गेला.

राहिला तो प्रश्न वेगळाच होता, आणि तो वहिनींच्या लक्षात आला. "पण यंदा किती? सोळाव्या खिळ्यावर आणायचा की सतराव्यावर? आज रात्री आणखी तीन बोटी यायच्या आहेत. अण्णा दरवर्षी मोठ्या ओहोटीला दांड्यावर चालत जाऊन बघायचे. आता कुणाला ठाऊक?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा हातात राहिलेल्या कोरड्या बशीतून चहा पीत होते.

"मला ठाऊक आहे," तांडेल म्हणाला. "सध्या तरी वाळू कुठे आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही."

तो लहान होडी घेऊन एकटाच मुखाशी गेला. बरोबर पाण्याची खोली मोजायची, शिसं बांधलेली दोरी आणि धाकटीचा लाल रुमाल. किनाऱ्यावर वहिनींनी पलंगावरची पांढरी चादर काढून दोन काठ्यांना बांधली, आणि ती भिंतीला लावून मास्तर शिडीवर उभे राहिले. समुद्राकडे पाठ, तोंड भिंतीला. त्यांना काहीच दिसत नव्हतं. अण्णांची दुर्बीण धाकटीच्या डोळ्यांना होती.

बराच वेळ होडी इकडे तिकडे होत राहिली. तो दोरी सोडायचा, ओढायचा, पुन्हा सोडायचा. मग होडी एका जागी थांबली. लाल रुमाल डावीकडे झाला.

"डावीकडे, दादा."

मास्तरांनी चादर सरकवली. तीस वर्षं पोरांना डावं-उजवं शिकवलेला माणूस आता बहिणीच्या शब्दावर हात हलवत होता, आणि तिचा शब्द ज्या रुमालावर होता तो त्या माणसाच्या हातात होता ज्याला मास्तरांनी बारा वर्षांत एकदाही शेजारच्या खुर्चीवर बसवलं नव्हतं.

"अजून. अजून डावीकडे. थोडं उजवीकडे. बस."

रुमाल सरळ वर झाला होता. चादरीचा काठ सोळाव्या खिळ्याच्या पुढे गेला होता. वहिनींनी वीत लावली. वीतभर, आणि वर चार बोटं. वाळूनं यंदा थोडं जास्तच मनावर घेतलं होतं.

चार वाजून गेल्यावर अध्यक्ष आले, बरोबर समितीचे दोघे, आणि मागे मधला, हातात पिवळा पडलेला कागद. अध्यक्षांनी अर्ज वाचला. वरची तारीख वाचली. मग सोळाही खिळ्यांवरून बोट फिरवलं, जसं मास्तरांनी फिरवलं होतं.

"पट्टा मी रंगवला," मास्तर म्हणाले. "फोटो बघून, न विचारता. ते कागदावर घ्या. थकवा वगैरे काही लिहू नका."

"घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्यावरही काहीतरी येईल, मास्तर. कचेरीवरही. तांडेलाचं बघू, पण यात त्याचं काय लिहिणार मी? त्याला जिथे बोट दाखवलं तिथे तो गेला." ते निघाले. रविवारच्या समारंभाबद्दल कुणी काही बोललं नाही.

तांडेल होडी ओढून वर आला तेव्हा धाकटी पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभी होती. गमबुटांचा एवढा तरी उपयोग झाला.

"काल विचारलं ते चुकलं माझं," ती म्हणाली.

"विचारलंस ते नाही." तो दोरी गुंडाळत होता. "उत्तराला थांबली नाहीस."

"आता थांबलेय."

त्यानं दोरीचा शेवटचा फेरा घातला. "नव्हती घेतली," तो म्हणाला.

वर मास्तर शिडीवर चढून चुना लावू लागले होते. खालून तांडेलानं शिडी धरली.

"रेघ सरळ येतेय का, बघा जरा, जावईबापू."

"सरळचं राहू द्या. जागेवर येतेय."

अण्णा काठी टेकत जवळ आले. तांडेलाच्या तोंडाकडे निरखून बघू लागले.

"तू कोण?"

"तुमचा जावई. काल मुखाशी बोट वाळूला लावली मी."

"लागली?"

"लागली."

अण्णांनी बराच विचार केला. मग शर्टाच्या खिशात हात घालून चाचपत काहीतरी काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. तांब्याचा खिळा होता. खिशात राहून राहून गुळगुळीत झालेला, यंदासाठी ठेवलेला.

"मग पुढच्या वर्षापासून तू ये," अण्णा म्हणाले. "ज्याची लागते त्यालाच कळतं."

मास्तरांनी वरून ते ऐकलं. थोरला मुलगा म्हणून त्यांना कुठेतरी लागलं, आणि ते खरं आहे हेही कळलं. ते शिडीवरून खाली उतरले आणि चुन्याचा ब्रश त्यांनी तांडेलाच्या हातात दिला. वरची हातभर जागा अजून रंगवायची राहिली होती.